विरोधात हुकूम नको

त्या दिवशी कोर्टात, वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी धाकटी बहीण होती, तिनं कामाला खाडा केलता. आमच्या वकीलबाई होत्या. नव्या ऑफिसातले तरुण वकीलसाहेब होते. वकिलांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या मागं दंडाला लाल फिती बांधलेले बरेच वकील. पुकारा करणारा शिपाई होता. दोन पोलीसबाया होत्या आणि त्यांच्या मधे माझी लेक. आत खुर्चीवर जजसाहेब होते. माझी नात तेवढी नव्हती. ती येरवड्याला जेलमधे आईची वाट बघत बसलेली. सगळं तिच्यासाठीच चाललं होतं, आणि तीच नव्हती.

नावं मी कुणाची सांगणार नाही. संघटनेचंही नाही. मला कुणाची अब्रू काढायची नाही.

लेक वाघोलीला दिलेली. एकत्र घर होतं. सासूसासरे, दोन भाऊ, दोन सुना. माझी लेक थोरली सून. धाकटी जाऊ एका दुपारी स्वयंपाकघरात भाजली. दवाखान्यात तिनं जबाब दिला, थोरल्या जावेनं बाहेरून कडी लावली म्हणून. आणि मग ती गेली. माझी लेक म्हणते, कडी नव्हतीच लावली, पावसाळ्यात ते दार फुगायचं आणि अडकायचं. मी तिथं नव्हते. जी गेली तीही कुणाची लेकच होती. तिची आई कोर्टात समोरच्या बाकावर बसायची. आमची नजरानजर झाली की आम्ही दोघी खाली बघायचो. तेव्हा खरं काय ते मी सांगायला जाणार नाही. ते कोर्टानं ठरवायचं, म्हणून तर कोर्टात जात होतो.

सगळ्या घराला आत घातलं. सासरच्यांनी आपापले वकील केले आणि एकेक जण बाहेर आला. जावईसुद्धा आला. माझ्या लेकीसाठी कुणी वकील केला नाही. जबाबात नाव हिचं एकटीचं, मग बाकीच्यांना बरंच झालं. नात तेव्हा अंगावर पीत होती. आईबरोबर तीही आत गेली.

जेलमधे लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ ठेवतात. सहा पूर्ण झाली की बाहेर. हा काही आमच्यासाठी काढलेला नियम नाही, सगळीकडं तोच आहे. सुरवातीला आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. सहा वर्षं म्हणजे लई लांब. तोवर सुटेल की, असं वाटायचं.

मी राहते बिबवेवाडीला, वरच्या वस्तीत. मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. मुलाकातीच्या दिवशी यार्डात सुट्टी सांगायची, स्वारगेटला यायचं, तिथून येरवड्याची बस धरायची. मुलाकात म्हणजे मधे काच असते. नात काचेला तळहात लावायची, मी इकडून लावायची. तिला वाटायचं आजी म्हणजे अशीच असते, काचेच्या पलीकडची. लेक दरवेळी एकच बोलायची. "आई, मला हिच्याबरोबर बाहेर यायचंय. हिला एकटीला काढू देऊ नको. तिला बाहेरचं काहीच माहीत नाही गं."

लेकीनं जेलमधूनच टाकलेला पहिला जामिनाचा अर्ज फेटाळला. मरताना दिलेला जबाब आहे म्हणले. त्यानंतर कुणीतरी सांगितलं, गरिबाला कोर्टातून फुकट वकील मिळतो. तशा आम्हाला या वकीलबाई मिळाल्या.

जाड चष्मा, पांढऱ्या साडीखाली पळायचे बूट. बोलायला तिखट. पहिल्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी मला रडू आलं, तर म्हणल्या, "मावशी, रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रडून या. इथं कागद भिजले की मला परत झेरॉक्स काढावी लागते." मी खरंच जिन्यात गेले. रडून, तोंड पुसून आले, तर टेबलावर दोन चहा ठेवलेले. एक माझ्यापुढं सरकवला आणि म्हणल्या, "झालं? आता सांगा. ते दार तुम्ही स्वतः कधी ढकललंय का?"

मी म्हणलं, नाही.

मग भर पावसाळ्यात त्या बसनं वाघोलीला गेल्या आणि ते दार ढकलून बघून आल्या. शेजारणीशी बोलल्या. फुकटचं काम म्हणून कुठं हात आखडला नाही. खटला उभा राहिला तेव्हा तीच शेजारीण कोर्टात म्हणली, मी पळत गेले तेव्हा कडी नव्हती, ही बाहेरून दाराला खांदा लावत होती, मीही लावला, मग उघडलं. तेव्हा समोरच्या बाकावरच्या त्या आईनं पदर तोंडात धरला. माझ्या जिवाला हलकं वाटलं आणि वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

बाहेर आल्यावर वकीलबाई चष्मा पुसत म्हणल्या, "आता परत अर्ज टाकते. या वेळी जमेल. नात सहाची कधी होते?"

"दिवाळीनंतर लगेच."

"मग तारीख दिवाळीच्या आधीची घेते."

आणि घेतली त्यांनी. मी मुलाकातीला जाऊन सांगितलं. लेकीनं पोरीला शिकवायला घेतलं, बाहेर गेल्यावर बस कशी असते, दुकान कसं असतं, रस्ता ओलांडताना आईचा हात सोडायचा नाही. पोरगी काचेतून मला सांगायची, "आजी, मी हात सोडणार नाही."

त्याच सुमारास ती नवी गोष्ट निघाली. गरीब आरोपींसाठी इथून तिथून पाळीनं वकील द्यायचे नाहीत, कोर्टातच एक ऑफिस काढायचं, तिथं पगारी वकील ठेवायचे, त्यांनी दुसरं काम घ्यायचं नाही, दिवसभर हेच करायचं. जुन्या फायलीसुद्धा हळूहळू तिकडं जायच्या होत्या. मला वकीलबाईंकडूनच कळलं. मी भाबडेपणानं म्हणलं, "चांगलंच की हो बाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चांगलं? उद्या यार्डात कांदा निवडायचं मशीन आणलं आणि तुम्हाला म्हणले घरी बसा, तर तेव्हाही म्हणाल का चांगलंच की?"

खोटं नव्हतं ते. या कामाचे त्यांना थोडेच मिळायचे आणि तेही उशिरानं, पण त्यावर त्यांची चूल होती. त्यांच्यासारखे किती होते. संघटनेचं म्हणणं असं होतं की पुष्कळांच्या हातातलं काम काढून थोड्यांना का देता? आणि जो पगार खातो तो सरकारी वकिलाशी जीव लावून भांडेल कशावरून? हे काही वेड्यासारखं बोलणं नव्हतं. पण मी व्हरांड्यात दुसरंही बघितलं होतं. माझ्या शेजारी एक म्हातारा बसायचा, त्याचा फुकटचा वकील कधी यायचाच नाही. तो दर तारखेला स्वच्छ धुतलेली टोपी घालून यायचा आणि तसाच जायचा. त्याला हे नवं ऑफिस बरं वाटत होतं. मला आमच्या बाई बऱ्या होत्या.

संघटनेची सभा झाली. ठराव झाला. अमुक दिवशी सगळ्यांनी कोर्टाच्या कामापासून अलिप्त राहायचं, त्यांचाच शब्द हा. आणि जुन्या वकिलांनी नव्या ऑफिसाला फायली सोडायच्या नाहीत.

फाईल सोडणं म्हणजे काय ते सांगते. ज्याचं वकीलपत्र लागलेलं असतं, त्यानं 'माझी हरकत नाही' असं लिहून सही केल्याशिवाय दुसरा वकील त्या कामात उभा राहत नाही. त्यांच्यातली रीत आहे ती. आपण नाही का, दुसरीच्या चुलीवर तिला विचारल्याशिवाय तवा ठेवत, तसंच.

तो अलिप्त राहायचा दिवस आणि आमची तारीख एकच निघाली.

सकाळी फाटकापाशी घोषणा चालल्या होत्या. बहीण म्हणली, "बरं झालं बाई, आज गर्दी कमी. जजसाहेब निवांत ऐकतील." तिला काय माहीत, आणि मलाही काय माहीत.

वर गेलो तर वकीलबाईंच्या दंडालाही लाल फीत.

"बाई, हे काय हो?"

"आज काम बंद आहे मावशी."

"आमचं पण?"

"सगळ्यांचं." माझ्याकडं न बघता म्हणल्या.

तेवढ्यात गाडीतून आणलेल्या बायका वर आल्या. लेकीनं धुतलेली साडी नेसली होती, केस चापूनचोपून बांधलेले. जामीन होणार म्हणून बराकीतल्या बायकांनी तिला टिकली दिलेली. तिनं लांबूनच मान हलवून विचारलं, कधी? मी हातानंच म्हणलं, थांब.

मग ते तरुण वकीलसाहेब आले. हातात फाईल. मला म्हणले, "आजी, मी नव्या ऑफिसातला. मी सगळं वाचलंय. शेजारणीची साक्ष आहे, काम होण्यासारखं आहे. मी उभा राहतो. फक्त मॅडमची एक सही पाहिजे." आणि कागद वकीलबाईंच्या पुढं धरला. "मॅडम, तयारी सगळी तुमचीच आहे. मी फक्त तोंड हलवणार."

बाईंनी कागद घेतला. पेन काढलं. टोपण काढलं.

"काय चाललंय इथं?" अध्यक्ष आले. उंच माणूस, आवाज भरदार. तरुण साहेबांना बघून हसले. "अरे वा, पगारी साहेब! कसली घाई एवढी? बुडतो का काय पगार एक दिवस?" मागचे हसले.

"सर, बाई आत आहे. मूल सहा वर्षांचं होतंय, त्याला एकट्याला बाहेर काढतील."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. ते हसायचे थांबले, माझ्यापुढं वाकून म्हणले, "आजी, तुम्ही घाबरू नका. आम्ही इथं नाही म्हणून तुमच्या लेकीचं वाईट होऊ देणार नाही. मी स्वतः साहेबांना सांगतो."

ते आत गेले. आम्ही दारातून बघत होतो. त्यांनी हात जोडले आणि म्हणले, "साहेब, आज आमचे सगळे सभासद कामकाजापासून अलिप्त आहेत. विनंती आहे की कुणाच्याही विरोधात हुकूम होऊ नये." जजसाहेबांनी मान हलवली. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, नंतर मला शिपायानं सांगितलं. काम बंद असलं की वकील जाऊन एवढं सांगतात आणि कोर्ट तेवढं ऐकतं. म्हणजे वकील नाही म्हणून कुणाचं घर जाऊ नये, कुणाचा दावा निघू नये. चांगल्या मनानंच केलेलं आहे ते. जमीन जिथं आहे तिथं राहते, दुकान जिथं आहे तिथं राहतं, एक दिवस काही झालं नाही तर कुणाचं काय जातंय, असा त्यांचा हिशोब. जेलमधला माणूसही जिथं आहे तिथंच राहतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

अध्यक्ष बाहेर आले तेव्हा मी त्यांना म्हणलं, "साहेब, विरोधात नको म्हणलात. मग आमच्या बाजूनं तरी होऊ द्या की."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणले, "आजी, तसं नसतं ते." आणि घड्याळ बघायला लागले.

पुकारा झाला. लेक आरोपीच्या जागेवर जाऊन उभी राहिली. जजसाहेबांनी विचारलं, "वकील?" तरुण साहेब पुढं झाले. म्हणले, "मी उभा राहायला तयार आहे साहेब, पण वकीलपत्र मॅडमचं आहे." जजसाहेबांनी दाराकडं बघितलं. "मॅडम, आपली हरकत नाही ना?"

व्हरांड्यातले सगळे वकीलबाईंकडं बघत होते. त्यांच्या हातात कागद होता आणि पेन होतं. त्या मला हळूच म्हणल्या, मलाच, दुसऱ्या कुणाला नाही, "मावशी, आज सही केली तर उद्यापासून बाररूममधे मला कुणी ग्लासभर पाणी देणार नाही."

यार्डात आमच्यातली एक बाई बंदच्या दिवशी कामावर गेलती, तिच्याशेजारी पुढं कुणी जेवायला बसलं नाही. ते मी बघितलेलं. मी त्यांच्या पायापाशी बसायला पाहिजे होतं असं बहीण म्हणते. पण ज्या बाईनं पावसात जाऊन आमचं दार ढकललं, तिला सगळ्यांच्या देखत खाली बघायला लावायचं, ते माझ्यानं झालं नाही.

जजसाहेबांनी मग लेकीलाच विचारलं. "तुम्हाला वकील बदलायचा आहे का? तुमची इच्छा असेल तर सांगा, मी तशी नोंद घेतो."

म्हणजे तिनं हो म्हणलं असतं तर सहीचं अडलं नसतं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच कळलं की माझ्या वकीलबाईंना सोडायचं का असं साहेब विचारतायत. तिनं मान वळवून दाराकडं बघितलं. वकीलबाई दिसल्या. म्हणली, "बाई सांगतील तसं."

वकीलबाई फरशीकडं बघत राहिल्या. मग पेनाला टोपण लावलं. "पुढची तारीख मिळावी साहेब."

मिळाली. दिवाळीची सुट्टी संपल्यावरची.

जिना उतरताना पोलीसबाईनं लेकीला माझ्यापाशी जरा थांबू दिलं. ती रडली नाही. नुसतं म्हणली, "आई, तिला आता काय सांगू मी?"

दिवाळी झाली. नातीला आणायला मी आणि बहीण गेलो. फाटकातून ती एका पोलीसबाईचं बोट धरून आली. अंगावर नवा फ्रॉक, आतल्या बायकांनी शिवलेला. दोन वेण्या इतक्या घट्ट घातलेल्या की भुवया वर ओढल्या गेलेल्या. मधे काच नव्हती, तर ती माझ्यापासून हातभर लांबच उभी राहिली. मग विचारलं, "आई मागनं येतीय ना?"

मी म्हणलं, "येतीय."

घरी आल्यावर पहिल्या दिवशीच बघितलं. दार नुसतं लोटलेलं असलं तरी ती त्याच्यापुढं उभी राहायची. कुणी उघडेपर्यंत. मी म्हणायची, "ढकल की बाळा, उघडंच आहे." ती माझ्या तोंडाकडं बघायची, मी थट्टा करतीय असं वाटायचं तिला.

एकदा भाजी निवडताना तिनं बहिणीला विचारलं, "मी काय केलं म्हणून आईनं मला बाहेर काढलं?" आत कुणी बाई भांडली की तिला उचलून दुसऱ्या बराकीत टाकायचे, ते हिनं बघितलेलं. तसंच हिचं झालं असं तिनं धरलं होतं. आम्ही दोघींनी परोपरीनं सांगितलं, तसं नाही, नियम आहे, आईनं नाही काढलं. तिनं मोठ्या माणसासारखी मान हलवली. पटलं नव्हतं.

पुढच्या तारखेपर्यंत संघटनेचं आणि त्या ऑफिसाचं काहीतरी जमलं. काय जमलं, कुणी काय सोडलं, मला ठाऊक नाही. फिती निघाल्या. वकीलबाईंनी सही केली. तरुण साहेब उभे राहिले. शिपायानं पुकारा केला आणि मी पदर सावरून आत जाईपर्यंत जामीन झालासुद्धा. इतकंच होतं ते. पुढं जामीनदार उभा करण्यात हिवाळा गेला, तो आमच्या गरिबीचा भाग, त्यात वकिलांचा दोष नाही.

लेक घरी आली तेव्हा नात उंबऱ्यात बसून मटार सोलत होती. लेकीनं पिशवी खाली टाकली आणि हात पसरले. पोरगी उठली. दोन्ही हात अंगाला लावून ताठ उभी राहिली, हजेरीला राहतात तशी, आणि म्हणली, "नमस्ते." मग येऊन माझ्या मागं उभी राहिली.

लेकीनं हात खाली घेतले. मोरीत जाऊन तोंड धुतलं. आणि परात ओढून भाकरी करायला बसली.

आता नात शाळेत जाते. वर्गाच्या बाई हुशार म्हणतात. झोपते माझ्याजवळ. आई जरा मोठ्यानं बोलली की दप्तरात फ्रॉक भरते आणि दाराशी जाऊन उभी राहते. लेकीनं आता रागवायचंच सोडलंय. काम सांगितलं तरी हळू बोलते, परक्याच्या पोरीशी बोलल्यासारखी. खटला अजून चालू आहे. तरुण साहेब येतात, मन लावून करतात, त्यांच्या टेबलावर फायलींचा डोंगर झालाय. समोरच्या बाकावर ती आई अजून येते. आता आम्ही एकमेकींना पाण्याची बाटली देतो.

गेल्या तारखेला शाळेला सुट्टी होती म्हणून नातीला बरोबर नेलं. व्हरांड्यात वकीलबाई भेटल्या. गरिबांची कामं नव्या ऑफिसाकडं गेली, त्या प्रतिज्ञापत्रं करून देतात आता. चष्मा तोच, बूट तेच.

"काय मावशी, अजून इथंच?"

"तुम्ही पण इथंच की बाई."

हसल्या. मग खाली बघितलं. "हीच का?"

मी म्हणलं, हीच.

"कितवीत गं तू?"

नात हात अंगाला लावून ताठ उभी राहिली. "दुसरीत."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत काढला. म्हणल्या, "मावशी, मी जरा जिन्यात जाऊन येते."

मी तिथंच थांबले. चहावाला आला तसं त्याला दोन चहा ठेवायला सांगितले.

हे वाचणाऱ्यांत कुणी वकील असेल, नाहीतर कुणाच्या घरात वकील असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमची भाकरी जात असेल तर भांडा. फिती बांधा, घोषणा द्या, त्याला मी नाही म्हणणार नाही. फक्त आत जाऊन 'विरोधात हुकूम नको' म्हणायच्या आधी एकदा मागं वळून बघा. जेलच्या गाडीतून आलेलं कुणी उभं असेल तर त्याचा पुकारा होऊ द्या, आणि कुणी सही मागितली तर तेवढी करा.